माझ्या आवाजाचं कुलूप

२ जून, सोमवार

लागली एकदाची नोकरी! घरगुती यंत्रं विकणाऱ्या बड्या कंपनीच्या तक्रार विभागात आजपासून बसले. गुबगुबीत खुर्ची, मऊ हेडफोन, खिडकीबाहेर चक्क झाड. लोक चिडून फोन करतात, आपण गोड आवाजात माफी मागायची, एवढंच काम. माझ्यासारख्या फटकळ बाईला माफी मागायचा पगार मिळणार, हे ऐकून आई हसून हसून बेजार झाली. ती मला तोफ म्हणते.

तिला गावी एकटी ठेवून आले, याची रुखरुख आहेच. इथे मोबाइल कपाटात ठेवावा लागतो, पण जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या हेडफोनवरून घरी फुकट बोलता येतं. आमचे साहेब फार गोडबोले. पोटभर बोला म्हणाले, अगदी घरच्यासारखं.

१० जून, मंगळवार

एका आजोबांचं धुलाई यंत्र जन्मतारीख भरल्याशिवाय सुरूच होत नाही. कपडे धुवायला जन्मतारीख कशाला, असं मीच साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही फक्त माफी मागा. एका बाईंचा फ्रीज दर महिन्याला पैसे भरले तरच बर्फ करतो. विकत घेतलेल्या वस्तूचं भाडं भरायचं! तरी मी माफी मागितली. जिभेला फोड येईल असं वाटलं.

एक बरं झालं. नोकरदारांना कंपनीचं बोलकं कुलूप फुकट मिळतं, ते आईच्या दाराला बसवून घेतलं. आवाज ओळखून उघडतं. तिच्या गुडघ्यांना तेवढाच आराम.

२० जून, शुक्रवार

आईने हवा शुद्ध करायचं यंत्र घेतलंय. पाय चेपायचंही. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाली, तूच नाही का काल संध्याकाळी फोन करून घे म्हणालीस.

मी काल संध्याकाळी फोन केलाच नव्हता. तिला विसर पडायला लागला की काय, या भीतीने मी तिच्यावर खेकसले. नंतर फार वाईट वाटलं.

२४ जून, मंगळवार

आज हेडफोनमध्ये चुकून भलतीच लाइन जोडली गेली. कोणी बाई तणतणत होत्या आणि तिकडून त्यांची माफी मागत होते मी. मी! इथे मी तोंड मिटून बसलेली.

तडक साहेबांकडे गेले. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. आमच्या लाइनवर जे बोललं जातं ते कंपनीचं, म्हणाले, करारात आहे. माफीपेक्षा आईशी बोललेलंच जास्त कामाला आलं. मायेच्या आवाजाला कुणी नाही म्हणत नाही, नफा बघा कसा वाढलाय.

हेडफोन त्यांच्या चहात बुडवला आणि निघाले. उद्या आईकडे.

२५ जून, बुधवार, बसमध्ये

आईचा फोन सारखा व्यस्त. तिला माझ्याशिवाय कुणी फोन करत नाही. म्हणजे ती माझ्याशीच बोलतेय. पण माझा आवाज मी त्यांना पचू देणार नाही.

दुपारी, दारात

कुलूप उघडत नाही. माझ्याच आवाजात सांगतं, मुलगी घरात आहे.

आई आतून ओरडली, चालते व्हा, लोक हल्ली खोटे आवाज काढतात, माझ्या मुलीने बजावलंय मला. माझ्या मुलीने! मी जितक्या हाका मारते तितकी ती घाबरते. घसा बसला —

थोड्या वेळाने

सुचलं! आवाज त्यांनी नेला, अक्षर नाही नेलं. या डायरीचंच पान फाडून, लिहून दाराखालून सरकवलं. आई, बाहेर मी आहे, कुलूप फोड.

पान परत आलं. खाली तिने लिहिलंय, हे कावळ्याचे पाय तुझेच गं बाई. दार आतूनही उघडत नाही. हातोडी आणते.

रडले. हसलेही.

पहिला घाव बसला. मार, आई! दुसरा —

आत माझा आवाज रडतोय. नको ना आई, लागतंय मला —

आई थांबली.

जिन्यात बूट वाजतायत. कुलपाने कंपनीची माणसं बोलावली असणार. येऊ देत. दुसरं पान सरकवलं — ती मी नाही. तुझ्या तोफेने कधी रडून काही मागितलंय? भांडून घेतलंय सगळं —

पान आत ओढलं गेलं. आतला रडण्याचा आवाज वाढलाय. बूट शेवटच्या पायरीवर —

हातोडी उचलली तिने. ऐकू आलं मला. मार, आई, मा —