एकोणीस नंबरची हजेरी

३ तारीख, सोमवार
लेकाने मला सिस्टरांच्या मठातल्या या दवाखान्यात पोचवलं आणि कवळी घरी विसरला. आता सगळ्या सिस्टरांसमोर बोळक्याने हसायचं. असो. जागा झकास आहे. बारा खाटांची बायकांची खोली, फरशीत तोंड दिसावं अशी. माझी खाट पाच नंबर. खुब्याचं हाड पुरतं जुळेपर्यंत मुक्काम. नात इथेच सिस्टर व्हायला शिकते, आजाऱ्यांचं बघते. लग्न कर म्हणून मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडले, तिने थेट देवाशी सोयरीक केली. निदान सासू तरी नाही. वही तिनेच दिली. म्हणाली, आजी, मला द्यायच्या शिव्या यात लिही. माझी शाळा तिसरीपर्यंत, अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत.

४ तारीख
खिडकीजवळ मोठ्या सिस्टर असतात. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पुढची दहा याच खोलीत आजाऱ्यांचं गू-मूत काढलं, मेलेल्यांचे डोळे मिटले. आता स्वतःच अंथरुणाला खिळल्या. पण सकाळची प्रार्थना संपली की ताठ उठून बसतात आणि हजेरी घेतात. एकच नंबर पुकारतात. कोणी 'हजर' म्हणेपर्यंत थांबत नाहीत, चादर ओरबाडतात. म्हणून इथली रीतच पडली, हजर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आज सात नंबर. सातवरची भाजीवाली हसत हजर म्हणाली. जित्याची खोड, दुसरं काय.

५ तारीख
भाजीवाली पहाटे गेली. काल दुपारी नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती, परवा घरी जायची होती. मठाच्या मदर म्हणाल्या, देवाची इच्छा. काल संध्याकाळपर्यंत तरी देवाची तशी काही इच्छा दिसली नव्हती.
आज चार नंबर. चारवरची धोबीण घोरत होती. शेजारच्या शिंपिणीने तिच्या वतीने हजर म्हटलं, वर गमतीने हातही उंचावला.

६ तारीख
शिंपीण गेली. धोबीण चहा मागते आहे, ठणठणीत.
काठी टेकत मोठ्या सिस्टरांकडे गेले. विचारलं, हे काय चालवलंय. गोड हसल्या. म्हणाल्या, आयुष्यभर वर्ग पुढे घालून चालले, आता एकटी कशी जाऊ. वर्ग भरला की निघते. माझा हात धरला होता. अजून गार आहे.
मदरना सांगितलं. म्हणाल्या, वय झालं की मनात असं काहीबाही येतं. कुणाच्या मनात, ते नाही बोलल्या.

७ तारीख
एकोणीस पुकारला. खाटा बाराच. हजर म्हणायला कोणी नाही. दुपारपर्यंत पुकारत होत्या, आवाज बसला तरी ओठ हलत होते.
नात औषधं आणायला गेलेली. आल्यावर ऐकलं आणि खुलली. शाळेत तिचा नंबर एकोणीस. मोठ्या सिस्टरांनीच तिला पाटीवर अक्षरं गिरवायला लावलेली. म्हणते, बाईंना अजून आठवतं, उद्या मी हजर म्हणेन.
सगळं सांगितलं. शपथ घातली. म्हणाली, आजी, आजाऱ्याला शांत करणं हेच तर माझं काम.
बावीस वर्षांची पोर —
लेकाला निरोप धाडला. ये, हिला घेऊन जा.

८ तारीख
लेक आला नाही. प्रार्थना चालू आहे. नातीला म्हटलं, आज माझ्यासाठी बाहेर थांब. गालावर टिचकी मारून गेली.
प्रार्थना संपली.
मोठ्या सिस्टर उठून बसल्या. खाटांकडे बघतच नाहीत. दाराकडे —
नात दारात. हातात ट्रे.
एकोणीस म्हणाल्या.
ती ट्रे खाली ठेवते आहे. सरळ उभी राहते आहे, शाळेत राहतात तशी —
कोणी बोलायचं नाही. पोरी, तू तर तोंड मिटूनच ठेव. शिंपिणीचं चाललं, माझंही चालेल. हजर म्हणायचं ते मी. फक्त मी म्ह