सासरी गेलेलं रक्त

प्रिय शिवप्रसाद,

‘प्रिय’ हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. नऊ वर्षांनी तुझा मेसेज येतो आणि पहिली ओळ काय, तर अजून उंदरांतच आहेस का? आहे. उंदीर निदान सुपारी फोडून शब्द मोडत नाहीत.

काय करते ते तुला झेपेल असं सांगते. प्रिऑन म्हणजे बिघडलेलं प्रथिन. मेंदूतल्या चांगल्या प्रथिनालाही ते बिघडवत जातं. दोन जातींच्या उंदरांना आम्ही तेच प्रिऑन, तेवढंच टोचतो. एक जात पाच महिन्यांत लटपटते, दुसरी जवळजवळ दुप्पट टिकते. त्यांच्या त्या प्रथिनात फरक अवघा दोन ठिकाणी. ज्यांच्यात ते प्रथिन बनवणारं जनुकच नाही, ते उंदीर आजारी पडतच नाहीत. सगळा खेळ आईबापांकडून काय आलं याचा. पिंजरा बदलला म्हणून जनुक बदललेला उंदीर मी अजून पाहिलेला नाही.

तुझ्या आईला मात्र तसं वाटत होतं. माझे बाबा चालताना झोकांड्या खायला लागले, सोलापूरच्या डॉक्टरांनी हेच नाव घेऊन घराण्यात चालत येतं म्हणून सांगितलं, आणि आत्या वाशीहून कळंबला आली ती आपली सोयरीक मोडायला. “ह्यांच्या रगतातच खोट हाय, आमच्या घरात नको,” म्हणाली. बाबांची सख्खी बहीण! सासरी गेल्यावर घराणं बदललं, तसं रक्तही बदललं अशी तिची समजूत. ती शाळेत गेली नाही, तिचं सोड. तू जीवशास्त्र शिकवतोस. तिच्या मागं उभा राहून तू स्वतःच्या चपला बघत होतास. मला तुझी किळस आली होती, अजून येते.

आता लिहितोस, आई भिंत धरून चालते, नावं विसरते, एखादं टॉनिक सुचव. टॉनिक नाही, मास्तर. मी माझी तपासणी केली आहे. बाबांचं ते बिघडलेलं जनुक माझ्यात आलेलं नाही. बाबांचा रिपोर्ट सोबत जोडलाय, तो घेऊन आत्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे ने. तिच्यात ते असेल तर तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि तुझ्यात असेल तर तुझ्या लेकीत, महेश्वरीतही तेवढीच. स्वतःची तपासणी करायची की नाही ते तू ठरव. पण घरात कुणी आत्याच्या रक्ताला खोट म्हणालं, तर या वेळी तोंड उघड. ती माझ्या बाबांची बहीण आहे. ती विसरली होती, मी नाही.

तुझी, म्हणजे तुझ्या मामाची लेक एवढीच,
शिवप्रिया