ट्रकवर न्यायचा चाकू

३ जून, सोमवार.
गोडाऊनमध्ये कामाला लागलो. ताईने मुकादमांकडे शब्द टाकला होता. अठरापर्यंत ट्रायल. पास झालो तर ट्रकवर, ड्रायव्हर उस्तादच्या शेजारची सीट, बारा दिवसांचा दौरा. शेवटी माझ्या भटक्या स्वभावाची कोणीतरी दखल घेतली. अट एकच : खोकी उघडायला खिशात स्वतःचा चाकू हवा. उद्याच घेतो.

४ जून.
घेतला नाही. बाकीचे प्लास्टिकचा कटर वापरतात. मला जन्मभर पुरेल असा फोल्डिंग चाकू हवाय. चाकू म्हणजे माणसाची ओळख. व्हिडिओ बघायला बसलो. स्टील, मूठ, लॉक. त्यातून जंगलात एकट्याने झोपडी बांधणारा एक माणूस लागला. छप्पर होईपर्यंत उठवेना.

६ जून.
खोकी किल्लीने उघडली. किल्ली वाकली, मग दातांनी. मुकादम म्हणाले, उंदीर ठेवलाय का रे आपण कामाला? सगळे हसले. मीही हसलो. खेळीमेळीचं वातावरण आहे. घरी कुलूप उघडेना. ताई येईपर्यंत पायरीवर बसून यादी केली. एकतीस चाकू.

९ जून, रविवार.
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, काय कापायचंय? इतका कोता प्रश्न! म्हटलं, वेळ येईल ते. तो म्हणाला, मग वेळ आली की या. मी बसलोच. लॉकचं महत्त्व त्याला तासभर समजावलं. ऐन वेळी पातं मिटलं की बोटं गेली. काही झालं तरी मिटता कामा नये. मध्येच त्याने दोन गिऱ्हाइकं केली, तरी मी थांबलो नाही.
यादी कमी करत आणलीय. आता चौतीस.

१२ जून.
बारक्याचा कटर आठ वेळा मागितला. (बारक्या माझ्याबरोबरच लागला. महत्त्वाकांक्षा शून्य.) शेवटी म्हणाला, ठेव बाबा तुझ्याकडेच, माझ्याकडे दुसरा आहे. तत्त्व म्हणून नाकारला. दुपारी नवव्यांदा मागितला.
ताईने चाकूचं विचारलं. म्हटलं, निर्णय अंतिम टप्प्यात आहे. म्हणाली, एवढ्यात तुझं लग्न ठरून मोडलंसुद्धा असतं. आणि या वेळी पळालास तर मुकादमांना मी तोंड दाखवणार नाही. तिला माझी काळजी वाटते.

१६ जून, रविवार.
घेतला! अंगठ्याने उघडतो. खटॅक! आरशासमोर बघितलं. चेहरा बदललाय.
संध्याकाळी सहा. मिटत नाही.
साडेसात. अजून नाही. दुकानदाराला विचारू शकत नाही. लॉक त्याला मीच शिकवलंय.

१७ जून.
चाकू तसाच उघडा, नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीतून नेला. गेटवर वॉचमनने पिशवी तपासली. म्हणाला, हे रोज आणतोस? म्हटलं, नाही, आजच. तर म्हणतो, आजच का? काही उत्तर दिलं तरी अडकू, असे प्रश्न माणसाने विचारू नयेत. घरी ठेवून ये म्हणाला. परत येताना एका इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. ती वर पोचेपर्यंत थांबणं भागच होतं. मुकादमांनी अर्धा खाडा लावला.

१८ जून.
ट्रक लागला. चाकू घरी, कपाटावर, उघडा. निघता निघता मालाची दोरी मागच्या दाराच्या कडीत अडकली. उस्तादने हाक दिली, चाकू आहे का रे कुणाकडे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवस मी दुसरं काही बोललोच नव्हतो. म्हटलं, आहे, पण त्याचं काय आहे, आणि लॉकपासून सुरुवात केली. तेवढ्यात बारक्याने कटरने दोरी कापली. उस्ताद त्याला म्हणाला, चढ.
खिडकीजवळची सीट होती.
मुकादम मला म्हणाले, ताईला सांग, मी माझ्याकडून सांभाळून घेतलं होतं. उद्यापासून नको येऊस.

२० जून, गुरुवार. सकाळी अकरा.
ताईने आज कपाटावरून चाकू काढला, इकडून तिकडून पाहिला, आतली पातळ पट्टी अंगठ्याने बाजूला सारली. टप्प. मिटला. म्हणाली, एवढंच होतं? म्हटलं, विषय तांत्रिक आहे. मग तिने तो परत उघडला आणि फरसबीचं ताट माझ्यापुढे सरकवलं.
हा चाकू प्रवासाचा आहे, हे तिला कळत नाही. फरसबी मात्र झकास चिरतो.
चिरून झाली. मिटवायला ताईला दोनदा हाक मारावी लागली.