खुणेचा प्रश्न

अकोला,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय बाई,

नारायणचा नमस्कार. तू आणि भाऊजी बरे असाल असं धरून चालतो. मीही बरा आहे. थंडी म्हणावी तशी पडलेली नाही, पण सकाळी दूध आणायला जाताना मफलर लागतो. भाऊबीजेला येणं जमलं नाही. तब्येत जरा नरम होती.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझा फोन आणि झाडून सगळी ओळखपत्रं तेवढी गेली.

गेल्या मंगळवारी पातूरला गेलो होतो, हयातीचा दाखला द्यायला. नोकरी सगळी तिथल्या शाळेत झाली, म्हणून पेन्शनचं खातं अजून तिथंच आहे. दर नोव्हेंबरला जाऊन मी जिवंत आहे असं सांगावं लागतं. ऐनवेळी कागद कमी पडायला नको म्हणून आधार, पॅन, बँकेचं कार्ड, मतदानाचं कार्ड सगळं एकाच प्लास्टिकच्या पाकिटात भरलं आणि फोनही त्यातच कोंबला. तारा असती तर तिनं हे कधी करू दिलं नसतं. परतीच्या बसला मरणाची गर्दी होती. अकोल्याला उतरल्यावर पाहतो तर पिशवी ब्लेडनं कापलेली. जेवणाचा डबा जागच्या जागी होता आणि पाकीट गायब.

पोलिसांत गेलो. हवालदारांनी विचारलं, "काका, फोनले लॉक होतं का?"

म्हटलं, नव्हतं.

"काहून?"

"माझा फोन कोण पाहणार आहे?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, घरच्या कोणाचा तरी नंबर द्या. मला पाठ असलेला एकच नंबर निघाला, तो तुझा. दिला नाही. उगाच तुला पोलिसांचा फोन गेला असता. ती जागा रिकामी ठेवली.

तेव्हापासून मी मीच आहे हे सांगत गावभर फिरतो आहे. बँकेच्या इथल्या शाखेत आचल नावाची माझी जुनी विद्यार्थिनी अधिकारी आहे. चित्रकलेत यथातथाच होती, पण या कामात तरबेज निघाली. तिनं कार्ड बंद केलं, जुनं सिम बंद करून त्याच नंबरचं नवं घ्यायला पाठवलं, सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर तक्रार नोंदवायला लावली, आधारवरच्या माझ्या बोटांच्या ठशांना कुलूप लावून घेतलं. माझ्या नावावर कोणी कर्ज काढलं तर नाही ना, हेही अधूनमधून पाहत राहायचं आहे. मी समोर उभा राहूनही आजवर कोणी कर्ज दिलं नाही, आता माझ्या फोटोला देतील म्हणे.

तिचं शेवटचं सांगणं असं: "सर, फोनमंदी जितके लोक आहेत तितक्यायले सांगा. कोनी तुमच्या नावानं मेसेज करून राहिला असंल."

घरी येऊन आठवायला बसलो. गॅसवाला, दूधवाला, दवाखाना, शेजारचे उत्तमराव. ताराचा नंबर, जो मी अजून काढलेला नाही. आणि तू. बाकीच्यांना तोंडानं सांगून झालं.

तुला पत्र लिहितो आहे, कारण नवीन फोन घेणं अजून उरकलेलं नाही, सिम टेबलावर पडून आहे. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बोललो असतो तरी तो मीच, हे तू कशावरून मानलं असतंस? आवाज ऐकून वर्षं झाली. अक्षर तरी ओळखशील.

तर, माझ्या नावानं कोणी काही विचारलं, मागितलं, तर विश्वास ठेवू नकोस. आधी खुणेचा एक प्रश्न विचार. मी बराच विचार केला. आईचं माहेर कोणीही सांगेल. तिवशाच्या आपल्या बैलांची नावं मलाच नीट आठवत नाहीत. म्हणून हे विचार: करिश्माच्या लग्नासाठी तारानं कोणत्या रंगाची साडी घेतली होती? ते आपल्या तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक आता नाही. साडी तर लग्नात कोणी नेसलेलीच नाही, तेव्हा फोटोतही सापडणार नाही.

भाऊजींना नमस्कार. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

नारायण

⁂

अमरावती,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. नारायणास,

बाईचे आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर तुझंच आहे, वेलांटी अजून छत्रीएवढी काढतोस. भाऊबीज आली की तुझी तब्येत नरम होते, हे सहाव्या वर्षी आता माझ्याही अंगवळणी पडलं आहे.

तुला सांगायला उशीर झाला. तुझ्या नावाचा मेसेज तुझं पत्र येण्याच्या आधीच आला होता.

दुपारची वेळ होती. तुझे भाऊजी टीव्हीसमोर होते. त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन ते लावत नाहीत. टीव्हीचा आवाजही बंद ठेवतात, नुसती चित्रं पाहतात. अंकुर बंगळूरला, करिश्मा तिच्या घरी. या घरात दिवसभर बोलते ती कुकरची शिट्टी. तेवढ्यात फोन वाजला, वर तुझं नाव, तुझा चष्म्यातला फोटो. लिहिलं होतं, "ताई, कशी आहेस? तब्येत काय म्हणते?"

तो तू नाहीस हे मला पहिल्याच ओळीत कळलं. तू मला उभ्या जन्मात ताई म्हटलं नाहीस. आणि माझी तब्येत तू आधी विचारशील, एवढा काही बदलला नसशील.

तरी मी उत्तर दिलं. का दिलं म्हणून मला रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

मी लिहिलं, गुडघे दुखतात. त्यानं लिहिलं, काळजी घे ताई. मी लिहिलं, या वर्षी तूर बरी आहे. त्यानं लिहिलं, छान. मग मला काय झालं कोण जाणे. नंबर तुझाच होता, फोटो तुझाच होता. तुझ्या फोटोकडे पाहत मी सगळं लिहून टाकलं. जसं लिहिलं तसंच इथं उतरवते आहे, म्हणजे मागाहून गोड केलं असं तुला वाटायला नको:

"नारायण, करिश्माच्या लग्नात मामा म्हनून तूच उभा राहाले पायजे होता. मामा-मामी जोडीनंच पायजे असं माह्या सासूबाई म्हनल्या, अन् चुलतभाऊ म्हनून देवरावले अन् त्याच्या बायकोले उभं केलं. मी नवरीची माय होती. मी एक शब्द बोलली असती तर झालं असतं. मी बोलली नाई. तारा जाऊन वर्ससुदिक झालं नव्हतं, अन् तिनं पोरीसाठी घेतलेली साडी धरून तू मांडवाच्या कडेले उभा होता. मले दिसून राहिला होता. साडी खुर्चीवर ठेवून तू न जेवता गेला तेबी दिसलं. साडी माह्या कपाटात आहे. दर दिवाळीले घडी मोडतो अन् नवी घालतो."

मोठा मेसेज झाला. माझी बोटं दुखली. मग आलं, "जाऊ दे ताई. झालं गेलं विसर. माझ्या मनात काही नाही. रडू नकोस."

मी रडते आहे हे त्याला कसं कळलं, माहीत नाही. पण मी रडत होते, नारायण. समोर चोर बसला आहे हे माहीत असून रडले. तुझे भाऊजी वळून म्हणाले, "कोनासंग बोलून राह्यली वं?" मी म्हटलं, नारायणसंग. त्यांना ऐकू आलं नाही, पण तोंडावरून काय समजले कोण जाणे, खूश झाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, दवाखान्यात आहे, पैसे पाठव, हा नंबर घे. मी लिहिलं, "पैसे घरी आहेत. ये, भाकर खाऊन जा अन् घेऊन जा." दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. त्यानंतर मी दोनदा सकाळी "उठला का?" असंही विचारलं. खुळी म्हण हवं तर. तुझं पत्र आलं तेव्हा मी तो फोन उपडा करून ठेवला.

पैसे गेले नाहीत, त्याची काळजी करू नकोस. पण जे तुला सांगायचं होतं ते मी त्याला सांगून बसले. इतकी वर्षं जिभेवर होतं, आणि बाहेर पडलं ते परक्या माणसासमोर. आता तेच पुन्हा तुला सांगायला गेले तर शिळं वाटेल अशी भीती वाटते. म्हणून जसंच्या तसं उतरवलं.

साडीचा रंग मात्र मी त्याला सांगितलेला नाही. आणि तू तुझ्या पत्रात प्रश्न लिहिलास, उत्तर लिहिलं नाहीस. अक्षर कोणीही गिरवेल. पुढच्या पत्रात रंग लिही, मग मी मानीन.

बाई

⁂

अकोला,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय बाई,

तुझं पत्र फाटकातच उघडलं आणि तिथंच उभं राहून वाचलं. उत्तमराव दोनदा "काय झालं सर?" म्हणून गेले.

आधी कामाचं सांगतो. फोन घेतला, आचलनं त्यात व्हॉट्सअ‍ॅप चालू करून दिलं. त्याबरोबर त्या माणसाकडचं बंद पडलं. सिम बंद केलं की सगळं बंद, अशी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली. तू आणखी एक सकाळ "उठला का?" विचारलं असतंस तर ते मला मिळालं असतं. तुमचं दोघांचं बोलणं माझ्या फोनवर नाही. तुझ्या पत्रात आहे तेवढंच माझ्याकडे आहे.

आता खरं लिहितो. मला तुझा राग आला नाही. त्याचा आला, आणि तो पैसे मागितल्याचा नव्हता. माझ्या मनात काही नाही, असं म्हणायचा अधिकार त्याला कोणी दिला? माझ्या मनात होतं. तो सल मी सहा वर्षं सांभाळला, बाई. दुसरं या घरात सांभाळण्यासारखं उरलं तरी काय होतं? संध्याकाळी दिवा लावून बसलो की मांडव आठवायचा, देवराव आठवायचा, आणि वेळ जायचा. तुझा फोन येईल म्हणून मी वाट पाहिली, आणि येत नाही म्हणून तुझ्यावर आणखी चिडलो. मी स्वतः करावा, असं एकदाही मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि फोन ठेवून दिला. एवढं सगळं त्या माणसानं बसल्या बसल्या एका ओळीत वाटून टाकलं. त्याचं काय जात होतं?

हा राग दोन दिवस टिकला. काल बँकेत गेलो. पाकीट गेल्यापासून कार्ड बंद होईपर्यंत माझ्या नावानं जे जे झालं, त्याचा कागद आचलनं समोर ठेवला. "सर, जे तुमचं नाई त्याच्यावर फुली मारा अन् सही करा." पेट्रोल होतं, रिचार्ज होतं, एका कापड दुकानातली खरेदी होती. मी प्रत्येकावर फुली मारली. माझी फुली तुला माहीत आहे, मुलांच्या वहीवर मारायचो तशी, कागद फाटेल इतकी.

आचल म्हणाली, "अजून काई असंल तर आत्ताच सांगा सर. मंग नाकारता येत नाई."

मी पेन हातात धरून बसलो. तुझं पत्र खिशात होतं. तिला वाटलं मला नीट दिसत नाही, तिनं दिवा लावला. मी म्हटलं, नाही, अजून काही नाही. सही केली आणि घरी आलो.

त्या माणसानं माझ्या नावावर जे जे केलं, ते मी सगळं नाकारलं आहे. तुला लिहिलेली ती एक ओळ मी नाकारत नाही. ती मीच लिहिली असं समज.

रविवारी येतो. ओळखपत्र म्हणून सध्या माझ्याकडे पोलिसांची पावती तेवढी आहे. भाऊबीज उलटून गेली हे ठाऊक आहे, तरी ताट तयार ठेव. भाऊजींसाठी कानाचं मशीन नीट करून देणारा माणूस इथं आहे, त्यांना विचारून ठेव, म्हणजे लिहून विचार. आणि साडी कपाटातून काढून ठेव. करिश्माकडे आपण दोघं मिळून नेऊन देऊ.

अंजिरी. काठ हिरवा.

तुझाच,
नारायण