टाकाची चांदी

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला आता आठ वर्षं होतील. मी अजून जालंधरलाच आहे आणि अजून काठ्यांचंच काम करतो. हिरव्या कापडाच्या टेबलावर गोळे ढकलायची काठी, तिला चांदी कशाला, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. मी सातवीतून शाळा सोडलेला, मला पत्र जमत नाही. पण काल एक काठी परदेशातून दुरुस्तीला परत आली. बुडाचं लाकूड चिरलेलं. मालकानं माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, हे तुझंच काम दिसतंय. मी बोट फिरवलं. शिसमात बसवलेले चांदीचे चार चौकोन. आठ-नऊ उन्हाळे-पावसाळे खाल्लेलं लाकूड फाटलं होतं, पण चांदी केसभरही उचलली नव्हती. मी काठी खाली ठेवली आणि पाणी प्यायला गेलो. ती चांदी कुठली, हे त्या कारखान्यात फक्त मला माहीत आहे. आणि मला वाटायचं, जगातही फक्त मलाच माहीत आहे.

आष्टीचं आपलं दुकान मला आजही तसंच दिसतं. पुढं तुमची भट्टी, मागं स्वयंपाकघर, मधे नुसता पडदा. तुमची ठोक आणि आईची भाकरी एका तालात चालायची. तुम्ही थांबलात की आई आतून विचारायची, "काय झालं?" मला त्या तालाचा कंटाळा यायचा. टीव्हीवर नवनवी गावं दिसायला लागली होती, आमच्या वयाची पोरं पुण्याला जाऊन बूट घालून परत येत होती, आणि मी जोडव्यांच्या सांध्यांना झाळ लावत बसलेलो. एक दिवस ऊसतोडीला निघालेली एक म्हातारी आली. पदराच्या गाठीतून तिनं देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक काढला, रुपयाएवढा. भंडारा लावून, घासून घासून देवाचं तोंड सपाट झालेलं. घोड्याची नुसती शेपटी राहिली होती.

"सोनारबाबा, एवढा देव गंगेला पोचवा," ती म्हणाली. "फडावरच्या कोपीत कुठं ठिवू? आन मागं पुजायला हाय कोण?"

तुम्ही टाक उजेडात धरला आणि हसलात. "आजे, हा माझ्याच हातचा हाय की. ही शेपूट बघ, तीन रेघा. माझ्या बापाच्या घोड्याला दोन असायच्या."

"मंग तुमच्याच हातानं सोडा. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

ती गेल्यावर मी म्हणालो, अण्णा, वितळवून टाकू, चांगली चांदी आहे. तेव्हा तुम्ही मला जे बोललात ते मला शब्दाला शब्द आठवतं. "झिजलेल्या टाकाची चांदी एक तर त्याच घरच्या नव्या टाकात जाती, न्हाई तर गंगेत. तिसरी वाट न्हाई. आपल्या मुशीत लोकांची जोडवी वितळत्यात, पैंजण वितळत्यात, कुणी काय म्हणत न्हाई. पण देव दिला की ती ठेव असती, लेका." आणि तो टाक तुम्ही डालड्याच्या डब्यात ठेवला, बाकीच्यांबरोबर. डबा भरला की गोदावरीला जायचं, असं तुमचं वर्षानुवर्षं चाललेलं.

पुढं मी पुण्याला गेलो आणि तिथून एका ठेकेदारानं मला इकडं आणलं. लाकडात चांदी बसवणारा माणूस पाहिजे होता. पहिली दोन वर्षं माझं काम फसत होतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं, चांदी तसं काही करत नाही. बाजारची चांदी भेसळीची, कडक. आज बसवली की सहा महिन्यांनी कोपऱ्यातून उचलून यायची आणि खेळणाऱ्याच्या तळव्याला लागायची. मोडीतले पैंजण आणून वितळवले, तर त्यातल्या झाळेमुळं पत्रा दाबताना तडकायचा. सोळा काठ्यांची एक मोठी ऑर्डर आली तेव्हा मालकानं मला सरळ सांगितलं, या वेळी चांदी उचलली तर तू तुझ्या गावाला जा. मला गावाला जायचं नव्हतं, अण्णा. दुसरं काहीही चाललं असतं. मी म्हणालो, माझे वडील सोनार आहेत, मऊ चांदी आणतो.

आणि मी आलो. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी काठीचा एक तुकडा दाखवायला आणला होता. तुम्ही तो हातात फिरवून म्हणालात, "चोपदाराची काठी का रं ही?"

"न्हाई अण्णा, खेळायची."

"खेळायची? आन चांदी हाताखाली? म्हंजी दिसणार बी न्हाई?" तुम्ही आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "ऐकलं का, तुझा लेक चांदी झाकून ठिवायला पंजाबात गेलाय!" आई हसली. मीही हसलो. मग मी डब्यातल्या टाकांची चांदी मागितली. टाक एका पत्र्यातून उठवलेला असतो, त्याला झाळ नसते, चांदी लोण्यासारखी. तुमचं हसणं थांबलं. "ते सोडून बोल," एवढंच म्हणालात आणि तुकडा माझ्या हातात परत दिलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात. आई दळण घेऊन गिरणीत गेलेली. मी डबा उघडला. पंचवीस टाक होते. अडगळीत जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक जुनी ताटली पडली होती. मी तिच्या पंचवीस गोल चकत्या कापल्या, कडा घासल्या आणि डब्यात भरून वर तेच फडकं बांधलं. मला वाटलं, यांना दिसत तर नाहीच. सोनाराच्या पोटी जन्मून मी असा विचार केला. तुम्हीच शिकवलं होतं की चांदी ओळखायला डोळा लागत नाही. दगडावर पडली की बोलते आणि हातात घेतली की कळते.

संध्याकाळी एसटीवर सोडायला आलात. माझी पिशवी तुम्ही उचललीत आणि क्षणभर तशीच हातात धरून उभे राहिलात. "जड झालीया," म्हणालात. मी म्हणालो, आईनं शेंगदाण्याची पोळी दिली आहे. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

इकडं आल्यावर मी चोवीस टाक मुशीत घातले. चांदी साफ वितळायला टाकणखार टाकला, खाली बघत राहिलो. कुठं सटवाई, कुठं भैरोबा, कुठं नुसता उंचवटा. आधी काठावर पाणी सुटलं आणि मग सगळे एक झाले. पत्रा दाबला, पोस्टकार्डाएवढा पातळ केला. बारीक करवतीनं चौकोन कापले, लाकडात खाचा कोरून बसवले. कानशीनं घासून सपाट केल्यावर बोटाला लाकूड कुठं संपतं आणि चांदी कुठं लागते ते कळत नव्हतं. मालक खूश झाला, "ऐसी चांदी कहाँ से लाया?" मी म्हणालो, घरून. मला पक्कं केलं. त्यानंतर महिनाभरानं तुमचं कार्ड आलं, आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. गंगेचं काम झालं, काळजी नसावी, काम मन लावून करणे. मी ते कार्ड वाचून मोकळा श्वास घेतला होता, अण्णा. खरं सांगतो, मला हलकं वाटलं होतं. तुम्ही फसलात, असं वाटलं होतं.

तुम्ही गेल्यावर मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. सगळं आटोपलेलं. आई भट्टीपाशी बसली होती. तिच्या पायाकडं माझं लक्ष गेलं, मोकळे होते. मी विचारलं, चांदीचे तोडे कुठं गेले. मला वाटलं दवाखान्याला मोडले असतील.

"ते तुझ्या बापानं कवाच मागून घेतले," ती म्हणाली. "तू येऊन गेलतास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी म्हणलं, कावून? तर म्हणले, लोकांचे देव हायेत. मंग आठ-दहा दिस ठोकतच बसले. दिसत तर न्हवतं. बोटानं चाचपायचे, एकेका घराचं नाव घ्यायचे, हा अमक्याचा, हा त्या म्हातारीचा, आन ठोकायचे. पंचवीस झाले तवा उठले. गंगेला एकटेच गेलते."

"तुला काय सांगितलं? काय झालतं म्हणून?"

"काय न्हाई. म्हणले, पोराचं काम लई नाजूक हाय, त्याला सांगू नको, हात हालंल."

हत्यारांच्या पेटीत, ठशांच्या खाली, फडक्यात बांधलेल्या जर्मनच्या चकत्या सापडल्या. मी मोजल्या नाहीत. आईनं विचारलं, हे काय रं, तर म्हणालो, काय नाही, भंगार. आजपर्यंत तिला सांगितलेलं नाही.

तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या, कार्डावर दोन ओळी लिहिल्या असत्या, तर मी काहीतरी उलट बोललो असतो. मला उलट बोलता येतं. तुम्ही नवे पंचवीस देव घडवलेत, तेही आंधळ्या बोटांनी, आणि पाण्यात सोडून आलात. याला उलट काय बोलायचं ते मला आठ वर्षांत सुचलेलं नाही. हल्ली गावोगाव त्या टेबलांचे अड्डे निघालेत. मी बाहेरून जातो. आतून गोळ्यांचा आवाज आला की पाय उचलतो. सोळा काठ्या कुठं कुठं आहेत कोण जाणे. कुणाच्यातरी घामेजल्या तळव्याखाली देव झिजतोय, दुसऱ्यांदा.

मालकानं सांगितलं होतं, जुनीच चांदी काढून नव्या लाकडात बसव. मी काल संध्याकाळी चारी चौकोन गरम करून अलगद काढले आणि नव्या लाकडात त्यांच्या जागी कारखान्यातली चांदी बसवली. आता मला चांगला पत्रा जमतो, ती उचलणार नाही. हे चार मी दिवाळीला येईन तेव्हा गंगेला सोडीन. एकटाच जाईन.

पण एक राहिलंच. पंचवीस होते आणि चोवीसच वितळवले, असं मी वर लिहिलं. म्हातारीचा तो टाक माझ्याजवळ आहे, करवतीच्या पात्यांच्या डबीत. तो गंगेला न्यायला पाहिजे, ती ठेव आहे, तुमचं बोलणं मला कळतं. या आठ वर्षांत दोनदा गोदावरीच्या पुलावरून गेलो, दोन्ही वेळा तो खिशात होता आणि दोन्ही वेळा हात बाहेर काढला नाही. मी त्याला हळद वाहत नाही, हातही जोडत नाही. कामाला बसण्याआधी नुसता अंगठा फिरवतो त्या शेपटीवरून. देवाचं तोंड तर तेव्हाच गेलं होतं. तीन रेघा अजून लागतात.