येसाईने अर्थ विचारला

श्रावण शु. ८, शके १८५२
आज पोथी वाचताना मी खोटं बोलले. कुणाला सांगणार? म्हणून लिहिते.
जेठात पटकीची साथ आली तेव्हा ‘आजारी घरातल्यांना विहिरीवर येऊ देऊ नका’ असं पाटलांना मीच सांगितलं. कॉलेजात शिकलेली बाई सांगते म्हणून त्यांनी अख्ख्या धनगर गल्लीला विहीर बंद केली. मी पाहिलं, गप्प राहिले. ती माणसं ओढ्याचं पाणी प्याली. नऊ गेली. महिना झाला विहीर उघडून. धनगर अजून ओढ्यावरच.
साथीत पुराणिकबुवाही गेले, तेव्हा पाटलीणबाईंच्या ओसरीवरची पोथी माझ्या गळ्यात. “गावाला जरा शांती मिळंल, बाई,” त्या म्हणाल्या. शांती म्हणे! बायका वाती वळतात आणि जांभया देतात.
आज येसाई धनगरीण आली. साथीत सून गेली तिची. अंगणातच बसली. तहानलेल्याला दारातून हाकलणाऱ्याची कथा चालली होती. श्रोत्याने अर्थ विचारला की वाचणाऱ्याने थांबून सांगायचा, ही इथली रीत. येसाईने विचारला : “बाई, त्याला ठावं न्हवतं का, ह्यो मरंल म्हणून?”
“नव्हतं,” म्हटलं. आणि पान उलटलं.

शु. ९
पुन्हा येसाई, पुन्हा तोच प्रश्न. पाटलीणबाई वैतागल्या : “अगं, ती कथा कालच झाली की!”
“तुमची झाली. माझी चालूच हाय.”
एक पोर फिदीफिदी हसली. तिला दटावलं. दुसऱ्यांना दटावणं मला बरं जमतं.

शु. १०
पोथी मिटली आणि सांगून टाकलं. त्याला ठाऊक होतं, येसाई. मलाही होतं. मी सांगितलं एक, झालं भलतंच. पण ते दिसल्यावर मी पाटलांकडे गेले नाही. माझा शब्द खाली पडेल म्हणून.
पाटलीणबाई तडकल्या : “पोथीत ह्ये काढायचं का? आन् आमच्या मालकाचं नाव कशाला?”
येसाई शिव्या देईल, रडेल, वाटलं.
“मंग फुडं वाचा,” म्हणाली.
एवढंच! वाचलं. चार ओव्या चुकले.

शु. १२, समाप्ती
काल पाटलीणबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. आज मात्र वाचणारीच्या मानाचं लुगडं घेऊन पुढे. मी नको म्हटलं.
“मंग काय देऊ? सांगा एकदाचं!”
“विहिरीवरचा दोर येसाईला द्या. तुमच्या हातानं.”
“माझ्या?”
“तुमच्याच.”
त्यांना बिलकुल पटलं नव्हतं. पण समाप्तीला वाचणारीला नाही म्हणता येत नाही.
दिलं ते : नवा दोर एक, पोहरा एक. पाटलीणबाईंनी दिलं, येसाईने घेतलं. येसाई ते खांद्यावर टाकून घरी गेली. दिवेलागणीपर्यंत विहिरीवर आली नाही.