वहिनी, विमान सात मिनिटं उडालं

प्रिय वहिनी,

पंख मी कापला. कापायची तारही मीच केली. शेगडीची जुनी कॉइल सरळ करून बांबूच्या कमानीला ताणली, बॅटरीवर तापवली आणि थर्माकोलमधून सावकाश ओढली. पंखाच्या पोटातली बांबूची कामटी मी तासली, टोकांना तीन मिलिमीटर, मधोमध पाच. शेपूट प्रचाराच्या जुन्या फलकाच्या प्लास्टिकमधून कापली. चाकांचे पाय सायकलच्या स्पोकचे, दोन-दोन एकत्र पिळून. चाकं तुमच्या तुटलेल्या स्लिपरच्या तळाची, दोन्ही बरोबर पाच सेंटीमीटर, पट्टी लावून बघा. मोटर, बॅटरी, रिमोट आणि शेपूट-पंखाच्या झडपा हलवणारे चार सर्व्हो, एवढंच विकतचं. बाकी सगळं या दोन हातांचं, आणि शिकवायला कोणी नाही.

हे तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा. तुमच्याच ओटीवर, तुमची बोलणी खात केलं मी ते. थर्माकोलचे दाणे तुमच्या वरणात पडले होते आणि तुम्ही पळी घेऊन माझ्यामागे लागला होतात!

मग पत्र कशाला? तर काल, रविवारी सकाळी, ते उडालं, वहिनी! सात मिनिटं! घड्याळ लावलं होतं. आणि पडलं नाही हो, उतरलं. पडणं आणि उतरणं यातला फरक मी गेला महिनाभर शिकतोय.

आज दुकान उशिरा उघडलं. दोन पंप रिवाइंडिंगला येऊन पडलेत, गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय, आणि मी बिलबुकाच्या मागच्या पानांवर तुम्हाला लिहीत बसलोय. दुसऱ्या कुणाला सांगू? सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, तुमच्या जावेने, वैशालीनेसुद्धा. "पन्नाशीला आलात, नातवंडं खेळवायच्या वयात विमान खेळवताय," म्हणाली. विचारणाऱ्या तुम्ही एकट्या होतात.

"भावजी, तुमचं इमान कवा उडनार?" रोज विचारायचात. चहा देताना, भांडी विसळताना, मी दुकानाला निघालो की मागून मोठ्याने. सगळ्या आळीला ऐकू जायचं.

मे महिन्यात ते तयार होतं. आज खोटं बोलत नाही. पूर्ण तयार होतं. पंखाच्या पुढच्या कडेपासून सहा सेंटीमीटरवर दोन बोटं लावून उचललं की तराजूसारखं सरळ राहायचं. नवशिक्याने पहिली हीच परीक्षा घ्यायची असते. शेपूट जड असेल तर विमान उडून पडतं, नाक जड असेल तर न उडताच पडतं. माझं सरळ राहत होतं.

धावपट्टीही तयार होती. आठवतंय ना? नदीकडच्या खाचरात, भात झोडायला खळं करतो तशी केलेली, साठ फूट लांब, आठ फूट रुंद. मी चोपण्याने जमीन चोपली, तुम्ही पदर खोचून शेणाने सारवायला बसलात. चार पट्टे सारवून झाले आणि मान वर करून म्हणालात, "भावजी, ह्ये आडवं केलंत तुमी."

"कसं आडवं?"

"वारा बघा की. सकाळी घाटावरनं येतो, दुपारी माथेरानकडनं. तुमचं खळं नदीकडनं रस्त्याला. वारा कडंनं लागनार त्याला."

आणि मी काय म्हणालो? "वहिनी, हे भात वारवणं नाही. हे विमानाचं शास्त्र आहे. खाचराची लांब बाजू हीच आहे, टेपने मोजलीय मी." तुम्ही हसलात आणि पाचवा पट्टा सारवायला घेतलात. शास्त्र! विमान वाऱ्याकडे तोंड करून सोडायचं असतं हे शास्त्राच्या पहिल्या पानावर असतं हो. माझं ते पान वाचून झालं होतं. खाचराची लांबी बघून मी ते विसरलो.

तरीही तेव्हा उडवून बघायला हवं होतं. पडलं असतं तर पडलं असतं, तुम्ही पोट धरून हसला असतात. पण शेपटीवरची तुमच्या नावाची अक्षरं एका रेषेत आली नव्हती, एक अक्षर दोन मिलिमीटर वर गेलं होतं. ते खरवडून पुन्हा रंगवायचं म्हणून मी थांबलो. "असं अर्धवट दाखवणार नाही तुम्हाला," म्हणालो. तेवढ्यात पावसाळा लागला, खाचरात पाणी भरलं, लावणी झाली. आपल्याकडे विमान उडवायचं म्हणजे भात कापल्यापासून पुढच्या पावसापर्यंत, एरवी उतरायला जागा कुठे आहे? मी म्हटलं, आता कापणीनंतर.

गौरी गेल्या आणि चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. असं करतात का, वहिनी? दोन महिने! दोनच महिने मागत होतो मी!

तेराव्याला माणसं पांगल्यावर ओटीच्या कोपऱ्यात दादाला विमान दिसलं. बोटाने शेपटीवरची अक्षरं चाचपली. "तिनं किती येळा इचारलं रं तुला?" म्हणाला. "आन तू रंग देत बसलास."

एवढंच. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा, आणि नदीकडच्या खाचराकडे तर फिरकलाच नाही. कापणी मजूर लावून करून घेतली. तुमचा नवरा, जो एक पेंढी बांधावर राहिली तरी परत जाऊन आणणारा, तो कापणीला गेला नाही!

म्हणून हे विमान उडायलाच हवं होतं. हौस म्हणून सुरू केलं होतं, आता तसं राहिलं नव्हतं. दादाच्या डोळ्यांत मी तुमचा अपराधी होतो, आणि तो खोटं बोलत नव्हता.

भात घरात आलं आणि मी पुन्हा चोपणं घेतलं. धावपट्टी केली. कुठे? तिथेच! तीच दिशा, तोच टेप. हसा, हसा. मी शेणाने सारवत होतो तेव्हा तुमचं बोलणं कानात वाजायला हवं होतं की नाही? नाही वाजलं. कडा सरळ येतात की नाही तेवढंच बघत होतो.

पहिल्या दिवशी दहा फूट धावलं, डावं चाक उचललं आणि गर्रकन कोलांटी मारून बांधावर आपटलं. मी नाकावरचा मोडलेला पंखा बदलला. दुसऱ्या खेपेला उठलं! घरापेक्षा उंच गेलं! मी वळवलं, ते माझ्याकडे तोंड करून यायला लागलं, उजवा पंख कलला म्हणून मी डावीकडे दिलं, तर ते आणखीच कललं आणि थेट सागात. विमान आपल्याकडे येत असलं की डावं-उजवं उलटं होतं, वहिनी. माणूस समोर उभा राहिला की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो ना, तसंच. त्यावर एक युक्ती आहे, फार साधी. विमान तोंड करून आलं की डावं-उजवं विसरायचं. जो पंख खाली चाललाय, रिमोटची काडी त्याच बाजूला सरकवायची, खालून टेकू दिल्यासारखी. हे मी ओटीवर बसून, विमान हवेत आहे असं समजून, आठवडाभर घोकलं. वैशालीला वाटलं मी जप करतोय.

पण तिसऱ्या खेपेला पुन्हा धावपट्टीवरच कोलांटी. चौथ्या खेपेलाही! मी मोटरचा कोन तपासला, चाकं तपासली, पंख पुन्हा तोलला. सगळं बरोबर! मग रागाने बांधावर बसलो.

शेजारच्या खाचरात भात वारवत होते. सुपातून दाणे सरळ खाली पडत होते आणि फोलपट उडून बांधावरून माझ्या धावपट्टीवर येत होतं. साठ फूट सारवलेल्या जमिनीवर आडवं, कडेपासून कडेपर्यंत. मी बघत राहिलो. मग एकटाच इतका हसलो की शेजाऱ्याने विचारलं, "काय रं, बरा हाईस ना?"

आडवं केलं होतं मी, वहिनी. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

वाऱ्याच्या दिशेला खाचर जेमतेम पंचवीस फूट. तेवढ्यात चाकांवर धावून उठणं जमायचं नाही. मग चाकं काढली, स्पोकचे पाय काढले, मोजून बासष्ट ग्रॅम वजन उतरलं. आता हातातून सोडायचं आणि पोटावर उतरवायचं. पण माझे दोन्ही हात रिमोटवर. सोडणार कोण?

शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर दादासमोर विमान ठेवलं. म्हटलं, "उद्या फेकशील का?"

"मी?" त्याने वर बघितलंच नाही. "मला काय येतंय त्यातलं?"

"वर नाही फेकायचं. समोर, सरळ, जोरात. वाऱ्याकडे."

"कुठल्या खाचरात?"

"नदीकडच्या."

त्याने पानाचा डबा पुढे ओढला. मी चुकलो असं म्हणायचं होतं, ते तोंडातून निघेना. म्हटलं, "दादा, मे महिन्यात तयार होतं ते. मी उगाच थांबलो." त्याने पानाचा डबा बंद केला आणि झोपायला गेला.

सकाळी सात वाजता बघतो तर हा खाचरात माझ्या आधी हजर! आणि नुसता उभा नाही. धावपट्टीच्या पलीकडे पेंढा पसरत होता, चांगला वीतभर जाड. "पोटावर उतरनार म्हनालास ना? भाताचे खुंट टोचतील त्याला."

माझ्या एकाही वहीत ही सूचना नाही, वहिनी. मी बासष्ट ग्रॅम मोजले आणि खुंट विसरलो!

वारा घाटावरून येत होता, मंद, थंड. दादाने मूठभर फोलपट वर टाकलं, कुठे जातं ते बघितलं आणि त्या दिशेला पाय रोवून उभा राहिला. मी मोटर सोडली. "टाक!" म्हणालो. आणि त्याने टाकलं! भाताच्या पेंढ्यांची उडवी रचताना तुम्ही वर उभ्या असायचात आणि तो खालून पेंढी द्यायचा ना, अगदी तसं, न हिसका मारता, नेमकं.

ते गेलं, वहिनी! एक वीतही खाली आलं नाही! बांधावरून गेलं, सागावरून गेलं, कोंडाण्याच्या लेण्यांच्या डोंगराच्या अंगाला पांढरं दिसायला लागलं. वळवलं. तोंड करून आलं. डावा पंख खाली, काडी डावीकडे, सरळ! पुन्हा गेलं. पुन्हा वळलं. डोक्यावरून गेलं तेव्हा दादा टोपी धरून खाली वाकला आणि लगेच ओरडला, "आरं, अजून एक फेरी मार! तिला बघू दे नीट!"

'तिला' म्हणाला तो. मी वर बघत होतो म्हणून बरं झालं.

सात मिनिटांनी मोटर बंद केली. वाऱ्यावर तरंगत, नाक जरासं उचलून, ते पेंढ्यावर येऊन बसलं. आवाजसुद्धा आला नाही. दादाने जाऊन उचललं, खालून हात फिरवला. "कुठं लागलं नाय," म्हणाला. मग म्हणाला, "फुडल्या रयवारी किती वाजता?"

ऐकलंत? पुढच्या रविवारी!

तेवढ्यात रस्त्यावर थांबलेल्या गाडीतून एक गृहस्थ उतरून आले. नेरळच्या बाजूला त्यांचा रिसॉर्ट आहे, पाहुण्यांना लेणी दाखवायला आणलं होतं. "भाऊ, एकदम भारी! किट कुठलं?"

"किट नाही. हाताने केलंय."

त्यांनी विमान उलटंपालटं करून पाहिलं, कामटीची टोकं पाहिली, आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली. "आमच्या लॉनवर या," म्हणाले. "शनिवार-रविवार, सकाळ-संध्याकाळ. पाहुण्यांना उडवून दाखवायचं, बस." आकडा सांगितला. दादाच्या हातातला पेंढा हातातच राहिला.

"जा रं," दादा म्हणाला. "एवढं कोन देतंय?" आणि खाली वाकून पेंढा गोळा करायला लागला, एकेक काडी.

मी म्हटलं, "साहेब, रविवारी जमणार नाही. रविवारी माझा फेकणारा इथे असतो."

"त्यांनापण घेऊन या की!"

"तो याच खाचरात फेकतो."

दादा वर बघेना. पण पेंढा गोळा करायचा त्याने थांबवला, आहे तसा राहू दिला.

तर वहिनी, शब्द देतो. पाऊस येईपर्यंत एक रविवार चुकवणार नाही. होळीच्या आत रिमोट दादाच्या हातात देणार, तो नाही-नाही म्हणेल, तरी देणार, आणि पहिल्यांदा त्याने पाडलं तर दुसरं करून ठेवणार. रंग न देता उडवणार ते.

आणि त्या गृहस्थांना मी हात जोडून नाही म्हटलं. दोन वेळचं जेवण आणि महिन्याला तीस हजार रुपये.

तुमचा धाकटा दीर,
सुधाकर